बर्फ नको, अंगाची ऊब

"याला ऑलिगोअस्थेनोस्पर्मिया म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. ऑलिगो म्हणजे कमी, अस्थेनो म्हणजे मंद. विलासचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शुक्राणू कमी होते आणि मंदही. इतकी वर्षं तपासण्या मात्र माझ्याच चालल्या होत्या.

माझं वय एकेचाळीस. आययूआयचे दोन प्रयत्न करायचे ठरले. आययूआय म्हणजे लॅबमध्ये तयार केलेला नमुना बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणं. त्याआधी 'स्पर्म वॉश' करतात. विलास चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत आहे. "आमच्याकडं पण असेंब्लीआधी पार्ट वॉश करतात," तो म्हणाला. साधारण तसंच. खास द्रवावर नमुना ठेवून यंत्रात गरगर फिरवतात. मेलेले, मंद बरेचसे वेगळे होतात. चपळ तेवढे घेतात.

हॉस्पिटलातल्या खोलीत नमुना द्यायला विलास तयार नव्हता. आम्ही हॉस्पिटलच्या अगदी जवळ, संत तुकाराम नगरलाच राहतो, म्हणून घरून आणायची परवानगी मिळाली. अट एकच: लगेच आणायचा, अंगाच्या उबेत.

त्या सकाळी मी फाइल शोधत होते, तेवढ्यात सासूबाईंनी नमुन्याची डबी पिशवीत भरली आणि त्याही आमच्यासोबत निघाल्या. त्या मोशीच्या शेतकरी घरातल्या. आयुष्य गोठ्यात गेलेलं. लॅबच्या मॅडमनी डबी हातात घेतली आणि थबकल्या.

"एवढी गार कशी?"

पिशवीत बर्फ होता.

"आवं, गाय भरवायला डागदर येतो, त्यो गार टाकीतनंच वळूच्या बीजाची कांडी आणतो की! मला काय ठावं न्हाई व्हय?"

"आजी, ते खास पद्धतीनं गोठवलेलं असतं. हे ताजं आहे. गारठ्यानं खराब होतं."

सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मॅडम म्हणाल्या, "हालचाल जवळजवळ नाही. दुसरा नमुना लागेल. आत्ता, इथंच."

माझं स्त्रीबीज तयार होतं. आजचा दिवस गेला की हा महिना गेला. विलास त्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"जा की रं!" सासूबाई कडाडल्या. "लाजतो कुणाला? न्हाऊ घातलंय तुला मी!"

बाकावरची दोन जोडपी तोंड दाबून हसली. विलास लालबुंद होऊन खोलीत गेला.

नमुना बरा निघाला. वॉश झाला, आययूआय झालं. कुणालाही दोष न देता पुन्हा सगळी तयारी करणाऱ्या त्या मॅडमचे आभार मानावे तेवढे थोडेच.

तुमच्यावर ही वेळ आली तर डबी सदऱ्याच्या आत, अंगाशी धरून न्या. हल्ली ताप आला असेल, औषधं चालू असतील तर आधी सांगा. आणि तपासणी दोघांची करा, उपचारांच्या पहिल्याच महिन्यात.

दोन आठवड्यांनी चाचणी निगेटिव्ह आली. मी रडले, तोंड धुतलं, दुसऱ्या प्रयत्नासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. सुट्टी हवी की विलास नेहमी "बायकोचा दवाखाना" असं सांगायचा. त्या संध्याकाळी त्याने माझ्यासमोरच सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, पुढच्या महिन्यात एक दिवस लागेल. नाही, बायको ठणठणीत आहे. ट्रीटमेंट माझी चाललीय."