गळ्यातला सॉसेजचा हार

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. माझा संताप अजून उतरलेला नाही. कोणावर म्हणताय? सगळ्यांवर! मुलावर, नातीवर, जर्मन लोकांवर, त्या कुत्र्यावर... ऐका तर खरं.

सव्वीस वर्षं फौजेत काढली मी. सुभेदार म्हणून बाहेर पडलो. यंदा तीन महिन्यांसाठी अमोलकडे, म्हणजे मुलाकडे, जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइमला आलो. विमानतळावरून घरी पोचायच्या आत, गाडीतच, पोराने बापाला ऑर्डर दिली.

"बाबा, इथे कोणाला लढाईच्या गोष्टी सांगत बसू नका हं. इथल्या लोकांना तो विषयच नको असतो."

"अरे, बर्फातल्या पोस्टची एक तरी?"

"तीही नको."

बघा आता! माणसाकडे भांडवल एकच, तेही जप्त! दोन महिने मी गोष्टी गिळून बसलो. लिफ्टमध्ये शेजारी भेटला की हवामानावर बोलायचं. "या, या, काल्ट." म्हणजे हो, हो, थंडी. उणे पस्तीसमध्ये दाढी केलीय मी, आणि ह्यांच्या बारा डिग्रीला मान डोलवून थंडी म्हणायचं! डोकं फिरत नाही का माणसाचं?

तर एका रविवारी जवळच्या एका गावात कसलासा उत्सव होता. अमोल, मी आणि नऊ वर्षांची नात ईरा, असे तिघं निघालो. अमोल म्हणाला, "तुम्ही दोघं पुढे व्हा, मी गाडी लावून कॉफी घेऊन येतो."

मैदानाकडे वळलो आणि पाय जागीच थांबले. बँड! झेंडा! हिरव्या वर्दीत पन्नासेक माणसं रांगेत उभी! चांदीची बटणं, छातीवर मेडलंच मेडलं! मी तिथल्या तिथे सावधान झालो आणि झेंड्याला कडक सॅल्यूट ठोकला. डोळ्यांत पाणी आलं हो! म्हटलं, दोन महिन्यांनी आपली माणसं सापडली.

तेवढ्यात रांगेतून एका म्हाताऱ्याला पुढे बोलावलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यांच्या साहेबाने टोपलीतून एक हार काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. कसला हार? सॉसेजचा! एकेक वीतभर लांब! अख्खं मैदान खदाखदा हसलं, टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्याचं तोंड लालबुंद, डोळे भरलेले, ओठ थरथरतायत.

माझं मस्तक भणाणलं.

आता तुम्हाला शिरसाटची गोष्ट सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. आमच्या पोस्टवर शिरसाट नावाचा जवान पहाऱ्यावर पेंगला. गुन्हा मोठा! मेजर साहेबांनी आम्हा सगळ्यांना बंकरबाहेर काढलं आणि त्याला आत एकट्याला असा झाडला, की बाहेर आम्ही सगळे सावधान झालो. पण बाहेर आले ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून. म्हणाले, "शिरसाटला चहा द्या." बास! चार माणसांत त्याची मान खाली जाऊ दिली नाही. त्याच शिरसाटने पुढे हिमवादळात दोघांना दोरीने ओढून आणलं. त्या दोघांतला एक मी.

आणि इथे? मेडलवाल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात सॉसेज?

"ईरा! काय केलंय गं ह्यांनी?"

"एर हाट गेवॉनेन, आजोबा!"

आमच्या नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. गेवॉनेन म्हणजे काय, मला काय ठाऊक? मला वाटलं, चोरीबिरी असणार.

"चोरी केली म्हणून काय झालं? वर्दी आहे ना अंगावर!" असं ओरडत मी दोर ओलांडून थेट मैदानात.

"नो इन्सल्ट! सोल्जर! रिस्पेक्ट!"

आणि हार धरून वर ओढला. म्हातारा "नाइन! नाइन!" म्हणजे नाही, नाही करत हार घट्ट धरून बसला. मला आणखीच गहिवरून आलं. काय शिस्त म्हणायची! शिक्षासुद्धा सोडायला तयार नाही! मी जोर लावला.

हार तुटला. बँड बंद पडला. सॉसेज गवतात घरंगळले आणि कुठूनसा एक कुत्रा धावत आला. पुढचं काही सांगायला नको.

मागून ईरा जिवाच्या आकांताने ओरडत होती. आता मराठीत! "आजोबा, ते जिंकले! जिंकले ते!"

कॉफी सांडत अमोल पळत आला. "बाबा! काय करताय हे?"

"ह्यांच्या फौजेत—"

"कसली फौज? नेमबाजीचा क्लब आहे हा! गावातला!"

"मग ती मेडलं?"

"नेम लागल्याची!"

"आणि हार?"

"दुसऱ्या नंबरचं बक्षीस! पहिल्याला चांदीची साखळी, दुसऱ्याला सॉसेज, तिसऱ्याला ब्रेत्सेल!"

मी वळून पाहिलं. तिसऱ्या नंबरची बाई खारी ब्रेत्सेलं, म्हणजे पिळाचे पाव, गळ्यात घालून, छाती पुढे काढून उभी होती.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" मी उसळलोच.

"काय सांगायचं होतं, बाबा? की लोकांच्या गळ्यातले सॉसेज ओढू नका?"

म्हाताऱ्याचं नाव हेर हुबर, म्हणजे हुबर साहेब. तो गवताकडे बघत हळूच काहीतरी बोलला. अमोलने मान खाली घालून मला सांगितलं, "तीस वर्षं नेम धरतायत ते. नंबर आज पहिल्यांदा आला."

रडत होता तो आनंदाने! चार माणसांत त्याला मान खाली घालायला लावली, ती मी! मला तिथेच खड्डा खणून आत उभं राहावंसं वाटलं. घरी येईपर्यंत राग येत होता, पण ओरडायचं कोणावर?

दुसऱ्या दिवशी सून अश्विनीने बेसनाचे लाडू वळून दिले. अमोलला सोबत घेऊन हेर हुबरच्या दारात गेलो. "एन्टशुल्डिगुंग", म्हणजे माफी, हा शब्द वाटेत चाळीस वेळा घोकला होता. बेल वाजवली. त्याने दार उघडलं, मला पाहिलं, आणि गळ्यावर हात ठेवून झटकन एक पाऊल मागे सरकला.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला बघून समोरचा मागे हटला, असं एकदाही झालं नव्हतं. झालं ते रिटायर झाल्यावर, हातात लाडवांचा डबा असताना!