चौथी सिस्टर

आमच्या अपघात विभागात दुपारच्या ड्युटीला तीन सिस्टर असतात आणि काम पाच जणींचं असतं. मी नोंदणीच्या खिडकीत बसून केसपेपर काढतो. त्यामुळे मला सगळं दिसतं, आणि करता काहीच येत नाही. इन्चार्ज सिस्टरना सगळे ताई म्हणतात, आणि त्या मला नावाने कधी हाक मारत नाहीत. "अहो खिडकी, जरा बंद व्हा, फार वारं येतंय," असं भर गर्दीत बोलून जायच्या आणि मी उत्तर शोधेपर्यंत दुसऱ्या खाटेपाशी पोचलेल्या असायच्या.

ताईंची नोकरी सव्वीस वर्षांची. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरी म्हातारी आई. ती रोज दार उघडताना एकच विचारायची, "आज बसायला मिळालं का गं?" आणि ताई म्हणायच्या, "मिळालं की." मला सांगताना वर म्हणाल्या होत्या, "खोटं नाही हो. बसमध्ये बसतेच ना मी."

त्यांचं मागणं एवढंच होतं की दुपारला चौथी सिस्टर द्या. तीही आतल्या कामाला नको, बाहेरच्या बाकांसाठी. आत येईपर्यंत लोक तिथे दोन-दोन तास बसतात, आणि माणूस बसल्याबसल्या कधी बिघडेल याचा भरवसा नसतो. कुणीतरी बाकापाशी फिरून नाडी बघायला हवी, रंग बघायला हवा. दोन वर्षांत त्यांनी सात अर्ज केले. साहेब दर वेळी "बघतो" म्हणाले, आणि बघतही असतील, आमचा त्याला विरोध नव्हता.

मग एके दिवशी त्या मोजणीवाल्या बाई आल्या. रुग्णालयाच्या प्रत्येक विभागातलं कामाचं वातावरण मोजायचं, असा वरून हुकूम निघाला होता. आमचा वॉर्डबॉय म्हणाला, "वातावरण ना? लिहा, पंखा तीन महिने बंद." बाई हसल्या. माणूस म्हणून चांगल्या होत्या. प्रत्येकाला चाळीस प्रश्नांचा अर्ज, प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. माझ्या खिडकीसमोर उभं राहून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "खरं लिहा. जिथे वातावरण सगळ्यात वाईट निघेल तिथे आधी माणूस वाढवून देणार आहेत. नाव लिहायचं नाही."

नाव लिहायचं नव्हतं, पण हुद्दा लिहायचा होता, वय लिहायचं होतं, नोकरीची वर्षं लिहायची होती. सव्वीस वर्षं झालेली इन्चार्ज आख्ख्या विभागात एकच. शिवाय तीन वर्षांपूर्वी आमच्या एका ब्रदरने तक्रारपेटीत खरं लिहून टाकलं होतं. अक्षर ओळखलं गेलं आणि आठवड्यात त्याची बदली शवागारात झाली. तिथे तक्रार करणारं कुणी नसतं, एवढंच काय ते त्याला सुख. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तरी ताईंचं मन डळमळलं होतं. हे मी सांगितलंच पाहिजे. अर्ज हातात घेऊन त्या खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "खरंच देतील का हो माणूस?"

मी म्हणालो, "ताई, असं सगळेच म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरींच्या बदल्या व्हायला नकोत."

त्यांनी आतल्या खाटांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हो, तेही आहेच."

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ड्युटीत तक्त्यावर लिहायला सवड कुणालाच नसते. म्हणून सुटताना सगळे रकाने एका बैठकीत भरायचे: नाडी बहात्तर, श्वास अठरा, तक्रार नाही. ज्याचं खरंच बिघडलंय त्याचं वेगळं लिहायचं, बाकीचं हात आपोआप लिहितो. त्याच हाताने ताईंनी विभागातल्या चौदा जणांचे चौदा अर्ज भरले, कारण दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. मी शेजारी बसून सल्ला देत होतो. "सगळीकडे पाच नको हो, खोटं वाटेल. मधूनमधून चार टाका." आम्ही हसत होतो. अडतिसावा प्रश्न होता, 'माझ्या घरच्या माणसाला बरं नसेल तर मी त्याला याच विभागात आणेन.' ताईंनी तो वाचला नाही. पाच, पाच, चार, पाच.

महिन्याभरात निकाल लागला. संपूर्ण रुग्णालयात सर्वोत्तम वातावरण अपघात विभागाचं. चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं, ते बाकांच्या वरच्या भिंतीवर लागलं. डोळ्यांच्या विभागात चहाचं यंत्र बिघडलेलं होतं, त्या रागात त्यांनी सगळीकडे एक टाकला होता. एका सकाळी नवी कोरी सिस्टर माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाली, "काका, डोळ्यांचा विभाग कुठे?" मी रस्ता दाखवला. मागे ताई सलाइनची बाटली हातात धरून उभ्या होत्या. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मला खिडकी म्हणाल्या नाहीत.

पावणेदोन महिन्यांनी, भर दुपारी, एक म्हातारे गृहस्थ पोटात दुखतंय म्हणून आले. पेपर मीच काढला, एक्केचाळीस नंबर. नवराबायको प्रशस्तिपत्राच्या खालच्या बाकावर बसले. आत एका गाडीचे सहा जखमी होते. गृहस्थांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. बायकोलाही तसंच वाटलं, तिने आपली शाल त्यांच्या अंगावर घातली. सव्वा तासाने ती खिडकीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, हे उठत नाहीयेत."

ताई धावत आल्या. बाकावरून खाली घेऊन छाती दाबत राहिल्या, डॉक्टरांनी "पुरे" म्हटल्यावरही. चौकशी झाली. कुणाचाही दोष नाही असं निघालं, आणि ते खरंही होतं. त्या संध्याकाळी ताई खिडकीला टेकून म्हणाल्या, "चौथी असती ना, तर ती त्या बाकापाशीच असती." मी पुढचा केसपेपर काढायला घेतला. नंतर म्हणाल्या, "आईला सांगून ठेवलंय. तुला काही झालं तर पुलापलीकडच्या दवाखान्यात नेईन. इथे नाही."

सहा महिन्यांनी वातावरण पुन्हा मोजलं. या वेळी ताईंनी ज्याचा अर्ज त्याच्या हातात दिला. "ज्याला जे वाटतं ते लिहा," म्हणाल्या. भरलेले अर्ज माझ्याकडे जमा होत होते. ताईंचा अर्ज जवळजवळ कोरा होता. हुद्दा, वय, सव्वीसची आता सत्तावीस वर्षं, हे ठळक लिहिलेलं. चाळिसातला फक्त अडतिसावा भरलेला. त्यापुढे एक. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

मोजणीवाल्या बाई खिडकीशीच अर्ज तपासत बसल्या. ताईंचा त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला आणि वेगळा ठेवला.

"तो का बाजूला?" मी विचारलं.

"तीसपेक्षा कमी उत्तरं असली तर मोजता येत नाही. नियम आहे."

"बाई, तो एकच खरा आहे."

"असेल हो," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण बेरजेत कसा घेऊ?"

त्यांनी बाकीचे तेरा मोजले. पोरींनी जुनंच उतरवलं होतं, पाच, चार, पाच. कुणाला शवागार नको होतं. आमचं वातावरण पुन्हा चांगलं निघालं, फक्त पहिल्याऐवजी दुसरा नंबर आला. ताई आत एका पोराच्या कपाळाला टाके घालायला मदत करत होत्या, त्यांना मी काही सांगितलं नाही.

त्या तेरांत माझाही अर्ज होता. चाळीसच्या चाळीस उत्तरं. अडतिसाव्याला मी चार टाकलं होतं, पाच खोटं वाटलं असतं म्हणून. तो मोजला गेला.