चौथ्या मजल्यावरची टोपली

आमच्या गल्लीत सकाळी नऊपर्यंत एखाद्या म्हातारीची टोपली खाली आली नाही, की शेजारणी छातीवर क्रूस काढायला लागतात. नेपल्सच्या या उतारावरची घरं उंच आणि जिने त्याहून उंच. म्हणून वरून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, आत चिठ्ठी, आणि खालून मी ती भरायची. मी साबातिनो, किराणा दुकानदार. छत्तीस वर्षं टोपल्या भरतोय. कुणाला काय लागतं ते मला तोंडपाठ. चिठ्ठी वाचून माल देतो तो कच्चा दुकानदार, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

डोन्ना एर्मेलिंदांची टोपली चौथ्या मजल्यावरून यायची; मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने डोन्ना म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी घरी बसून चामड्याचे हातमोजे शिवले. कुठल्या कुठल्या थंड गावांतल्या बायका ते घालायच्या, डोन्नांनी स्वतः मात्र एकदाही घातले नाहीत. नवरा बास्तियानो गोदीत हमाल. रोज समुद्रावर जायचा आणि रोज बायकोला सांगायचा, "पुढच्या रविवारी तुला नेतो." फेब्रुवारीत तो गेला आणि तो रविवार राहूनच गेला. समुद्र म्हणाल तर आमच्या गल्लीपासून पायी वीस मिनिटं. पण डोन्नांचे गुडघे, आणि ते ब्याण्णव पायऱ्यांचं प्रकरण! मला ब्याण्णव हा आकडाही ऐकूनच माहीत होता. मी कधी चढलो होतो?

रोज आठ वाजता वरून हाक यायची, "साबाती, टोपली!" अर्धा पाव, थोडं धुरी दिलेलं चीज, चार टोमॅटो. मी माल टाकायचो आणि चिठ्ठी न बघता दारामागच्या खिळ्याला टोचायचो. बापाची सवय. वर्ष संपलं की ते भेंडोळं जाळायचं.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डोन्नांच्या समोरचं घर दोन दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने देतात, तसली घरं आता गल्लीत सात झाली. चाकांच्या पेट्या दगडांवर खडखडवत लोक येतात, समुद्र बघतात, नाक लाल करून परत जातात. त्यांना थंड पाण्याच्या बाटल्या देता देता माझी दुपार झाली. टोपली आली नाही हे त्या गर्दीत ना माझ्या लक्षात आलं, ना शेजारणींच्या.

लक्षात आणून दिलं नुन्सियाने. ती शेजारी केस कापते आणि जिभेनेही तेच काम करते. रविवारी साडेअकराला ती कात्री घेऊनच दुकानात शिरली.

"साबाती, तुझे डोळे आहेत की शर्टाची बटणं? डोन्नांची टोपली कुठाय?"

"येईल की."

"काल आली होती?"

मी आठवून बघितलं. काल आलीच नव्हती.

आम्ही खालून हाका मारल्या. खिडक्या बंद. मग मी धावलो, मागोमाग नुन्सिया. तिसऱ्या मजल्यावर माझ्या छातीचा भाता झाला, चौथ्यावर डोळ्यांपुढे काजवे. दार ठोठावलं, लाथ घातली, शेवटी खांद्याने तोडलं. आत काय दिसणार या भीतीने मी डोळे मिटूनच घेतले होते.

"उघड डोळे," नुन्सिया म्हणाली. "कुणी नाहीये."

पलंग नीट आवरलेला. काठी नाही, चांगल्या चपला नाहीत. टेबलावर दोन कप बशीत पालथे घातलेले, मधे साखरेची वाटी.

"दोन कप कशाला?" मी विचारलं. "ही बाई तर एकटी."

नुन्सियाने माझ्याकडे रोखून बघितलं. "शुक्रवारच्या चिठ्ठीत काय होतं?"

"नेहमीचंच."

"वाचलीस?"

माझं तोंड बघूनच तिने कपाळावर हात मारून घेतला.

खाली येऊन भेंडोळं खिळ्यावरून उपसलं आणि त्यातून डोन्नांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. वरच्या अंगाला पाव, चीज, टोमॅटो. आणि खाली, बारीक टाक्यांसारख्या अक्षरात, भलतंच काही. एक एक चिठ्ठी वाचत गेलो.

"साबाती, आज गुडघा बरा आहे. कॉफी ठेवते, वर ये."

"कालचे टोमॅटो गोड होते. कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

"तू उत्तर पाठवत नाहीस. कामात असशील."

"काल सकाळनंतर आज पहिल्यांदा माझा आवाज ऐकला. तुला टोपलीची हाक मारली तेव्हा."

मार्चपासून! सात महिने ती बाई माझ्याशी बोलत होती, आणि मी तिचे शब्द खिळ्याला टोचत होतो. माणूस इतका आंधळा असू शकतो यावर माझाच विश्वास बसेना.

सगळ्यात शेवटी शुक्रवारची. "उद्या-परवा पाव नको. समोरच्या पाहुण्यांसारखी मीही दोन दिवस सुट्टी घेते आहे. समुद्रकाठच्या किल्ल्यासमोर एका लहान हॉटेलात खोली घेतली, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. रविवारी बारा ते एक खाली बाकावर बसेन. ये. नाही आलास तर पुन्हा लिहिणार नाही, नुसती टोपली सोडत जाईन."

घड्याळात पाऊण वाजून गेला होता.

"बघत काय बसलायस? पळ!" नुन्सिया ओरडली.

छप्पन्न वर्षांचा माणूस एप्रन घालून उतारावरून धावला. पाहुण्यांनी माझे फोटो काढले. काढोत. काठावर पोचलो तेव्हा चर्चमध्ये एकचा टोला पडत होता, आणि किल्ल्यासमोरच्या बाकावरून निळ्या झग्यातली एक बाई काठी टेकत उठत होती.

"डोन्ना!"

त्या वळल्या. नाक उन्हाने लाल झालं होतं, अगदी पाहुण्यांसारखं. त्यांनी माझा एप्रन बघितला, धाप बघितली.

"कधी वाचलीस?"

खोटं बोलायचा विचार मनात आला, नाही असं नाही. "आत्ता."

"आणि आधीच्या?"

"त्याही आत्ताच. सगळ्या."

डोन्ना पुन्हा बसल्या. मी उभाच.

"टोपली आली नाही म्हणून तुमचं दार तोडलं," मी सांगून टाकलं. "वाटलं, तुम्ही..."

"म्हणजे चार मजले चढलास?"

"हो."

"वा रे साबाती! मेले असेन म्हणून चढलास. जिवंत होते तेव्हा सात महिने कॉफीला बोलावत होते."

मला रडू आलं. भर रस्त्यात, एप्रनने डोळे पुसत, मी चांगला हुंदके देऊन रडलो. डोन्नांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या जागेवर हात थोपटला. मी बसलो.

"माझी सुट्टी उद्या सकाळपर्यंत आहे," त्या म्हणाल्या. "तोवर दार बसवून ठेव. आणि कॉफी संपलीय घरातली, ती आण."

"आणतो, डोन्ना. सगळ्यात चांगली आणतो."

"पण टोपलीत टाकू नकोस."