आमच्याच हातांनी बुजवलेली विहीर

शहरातल्या नव्या हौदात पाणी आलं त्या सकाळी माझा सासरा भिंतीपाशी उभा होता. लांब, एका कडेला. त्याला पाणी पडताना बघायचं होतं, बस्स. मी त्याच्या मागं.

हौदावर पूजा चाललेली. एक कारकून गोमूत्राचा तांब्या घेऊन आला आणि सासऱ्याच्या पायाभोवती शिंपडायला लागला. सासरा गोंधळला. हळूच म्हणाला, "धनी, मी अजून हितंच उभा हाय."

"म्हणूनच शिंपडतोय," कारकून म्हणाला.

माणसं हसली. सासऱ्याच्या पायांवर शिंतोडे उडालेले. त्यानं हात जोडले. त्याच हातांनी त्यानं दोन उन्हाळे हौदाकडं येणाऱ्या नळाचा चर खणला होता. वेठीनं. पोटाला भाकरी, बाकी काही नाही. त्या जोडलेल्या हातांची मला जितकी लाज वाटली, तितकी त्या हसण्याचीसुद्धा वाटली नाही.

मी वळले आणि चालायला लागले.

आम्ही ढोर. कातडी कमावणारे. पुण्याच्या दक्षिणेला, कात्रजच्या डोंगराखाली, ओढ्याच्या काठी आमची मूठभर खोपटी. पेशवाईतलं पुणं फुगत चाललेलं. रोज नवे वाडे, रोज नवी माणसं. त्यांना पाणी पुरेना म्हणून ओढ्याला वर बांध घातला आणि पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात नेलं. आमच्या दारावरून जाणारं पाणी. खणताना हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी काय केलं असतं? वेठीला नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा बारीक झाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नुसती डबकी. कातड्याला पाणी फार लागतं. भिजवायला, चुन्यात घालायला, बाभळीच्या सालीत मुरवायला, धुवायला. आमची कुंडं कोरडी पडली. अर्धी कमावलेली कातडी उन्हात कडक होऊन गेली. ना घरची, ना विकायची.

मळेकऱ्यांनाही झळ लागली. त्यांची वांगी, मेथी शहरात जायची. पाटलानं निकाल दिला. उरलेलं पाणी मळ्यांना. कातडी धुतल्यानं पाणी नासतं, तेव्हा ढोरांनी ओढ्यात पाय घालायचा नाही. मग मळेकऱ्यांनी विहिरी खणल्या. विहिरीला मोट लागते. मोट कातड्याची, आमच्या हातची. ती दिवसभर त्यांच्या पाण्यात बुडायची. तिनं पाणी नासत नव्हतं.

सासऱ्यानं वस्ती गोळा केली. तो कमी बोलायचा. म्हणाला, "वढा आता परत येत न्हाई. नातवंडांनी काय करायचं, ते आत्ताच ठरवा."

ठरवायला बसलो. कुणी म्हणालं, मुठेकाठी जाऊ. पण नदीला आधीच दुसरे ढोर होते, त्यांचंच त्यांना भागत नव्हतं. कुणी म्हणालं, फौजेबरोबर जाऊ. फौजेला पखाली लागतात, पाणी वाहायच्या कातडी पिशव्या. माझा नवरा त्या वाटेनं गेला. परत आला नाही. मेला की तिकडंच राहिला, कुणी सांगितलं नाही.

त्या बैठकीत मी तोंड उघडलं. म्हटलं, आपण आपली विहीर खणू, वस्तीमागच्या पडीक रानात. सगळे माझ्याकडं बघत राहिले. बाईमाणूस मधी बोललेलं. सासरा तेवढा म्हणाला, खणायचं तर आपल्याला येतंच.

परवानगी हवी होती. पाटील म्हणाला, शहरात कचेरीत जाऊन विचारा. सासरा आणि मी गेलो. पायरीखाली उन्हात उभे. आतून तोच कारकून आला. आम्हाला ओळखलं की नाही कोण जाणे. सासऱ्यानं पाणी गेल्याचं सांगितलं.

"कुठं गेलं ते मला काय विचारता?" कारकून म्हणाला. "नळ तुम्हीच खणलात."

त्यानं पाटलाकडं धाडलं. पाटलानं पुन्हा कचेरीकडं. असं कितीदा झालं. शेवटी पाटील कंटाळला. खणा म्हणाला. खाली खडकच लागणार, असं त्याला वाटलं असणार.

खडक लागलाच. फोडला. बायकांनी पाट्या वाहिल्या. हात सोलले, चिंध्या बांधून पुन्हा वाहिल्या. आणि एके दिवशी खालची माती काळी पडली. ओली. मग कमरेएवढं पाणी उभं राहिलं. गोड पाणी. सासू काठावर बसली आणि किती वेळ नुसती खाली बघत राहिली.

त्याच वैशाखात पाटलाची विहीर आटली.

तो माणसं घेऊन आला. म्हणाला, तुमची विहीर वरच्या अंगाला आहे, माझा झरा ओढते. ओढत असेल, नसेल. बघितलं कुणी?

"बुजवा," तो म्हणाला. "तुम्हीच बुजवा. माझी माणसं हितल्या दगडांस्नी हात लावायची न्हाईत."

सासऱ्यानं पहिला दगड उचलला. त्याच्यामागून बाकीच्यांनी. पाण्यात दगड पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी विहिरीच्या काठावर जाऊन बसले, पाय आत सोडून. म्हटलं, "मी टाकणार न्हाई."

पाटलाच्या माणसानं खांद्यावर काठी घातली. मी उठले नाही. दुसरी घातली. मला ओढून बाजूला काढायचं, तर शिवावं लागलं असतं. म्हणून पाटलानं सासऱ्याला सांगितलं, हिला उचल.

सासऱ्यानं माझा दंड धरला. रडत होता. "ऊठ पोरी," म्हणाला. "घरं जाळतील."

त्यानं मला ओढत नेलं. दिवस मावळायच्या आत विहीर बुजली.

सासरा त्याच वर्षी पावसाळा लागायच्या आधी गेला. काय आजार होता, सांगता येत नाही.

पाटलानं आपली विहीर आणखी खोल नेली. पाणी लागलं. मग नवी मोट हवी झाली. त्याचा माणूस माझ्या दारात आला, कारण सासऱ्यामागं मोट शिवणारी मीच होते. घरात कमावलेलं एक कातडं होतंही. मी म्हटलं, शिवणार नाही. तो म्हणाला, खळ्यावरचं तुझ्या वाट्याचं धान्य बंद होईल. म्हटलं, करा बंद. तो म्हणाला, मग गाव सोड. म्हटलं, सोडणार नाही.

तो दुसऱ्या खोपटात गेला. तिथल्यांनी कशीबशी शिवून दिली. त्यांची लेकरं उपाशी होती. मी त्यांना बोल लावला नाही. पाटलाची मोट चालू झाली. माझं धान्य बंद झालं. बाभळीच्या शेंगा विकून मी आणि सासू एक वेळ खातो.

माझ्याबरोबर दोन शेजारणी आहेत. त्याही भीत भीत. पाटलाच्या विहिरीच्या खालच्या अंगाला मी जागा बघितली आहे. काल तिथलं झुडूप तोडलं, आज कुदळ घातली. पाणी लागेलच असं नाही. लागलं तर पाटील बुजवायला येणार, हे मला ठाऊक आहे. येऊ दे. पण दगड त्याच्या माणसांना उचलावे लागतील. आमच्यातला एकही हात आता लागणार नाही.