पाहुण्यांच्या मानाची पुरणपोळी

बसा, चहा टाकलाय. तोवर माझ्या फजितीची गोष्ट ऐका. तशी ती तुमच्या कानावर आलीच असेल म्हणा, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके फिरून आलीय ती. पण प्रत्येक गावात तिला नवं शेपूट फुटलंय. म्हणून म्हटलं, मूळ मालकाकडूनच ऐकलेली बरी.

मी बाळासाहेब, तळेगाव ढमढेऱ्याचा. थोडा ऊस, चार म्हशी आणि गावच्या दूध सोसायटीची चेअरमनकी. आणि वजन? ते विचारू नका. बुलेटवर बसलो की मागचं चाक नमस्कार घालायचं. गुडघे गेले, शुगर वाढली, रात्री घोरायला लागलो की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. शेवटी पुण्याला जाऊन पोटाचं ऑपरेशन केलं. वजन उतरवायचं हो! पोटाच्या पिशवीचा अंड्याएवढा तुकडा ठेवला आणि बाकीचं बंद.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. घास पिठासारखा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. आधी अंडं, पनीर, डाळ. मग जागा उरली तर भाकरी. आणि गोडाकडं बघायचंसुद्धा नाही.

जागा उरली तर! हे कुणाला सांगतायत? लग्नाच्या पंगतीत मी बसलो की आचारी कढईखालचा जाळ वाढवायचा!

बरं, दवाखान्यात पथ्य सोपं असतं. तिथं समोर कुणी जेवत नाही. घरी आलो आणि घरात दोन पक्ष झाले. एक पक्ष बायकोचा. तिनं देवघरातली नैवेद्याची वाटी माझ्यासाठी काढली. तेवढंच माप. दुसरा पक्ष आईचा.

"अगं, त्याला जेवायला वाढतीस का नैवेद्य दाखवतीस?" आई विचारायची.

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय? त्यानं जन्म दिलाय का ह्याला?"

बायको पाठमोरी झाली की आई माझ्या ताटात अर्धी भाकरी सरकवायची. मी ती मुलाच्या, अक्षयच्या ताटात सरकवायचो. माझं वजन उतरत गेलं आणि अक्षयचं चढत गेलं. गावात सांगितलं होतं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. पोट कापून बारीक झालो म्हटलं असतं तर सोसायटीच्या बैठकीत कुणी मला उभं केलं असतं का?

असं सगळं रांगेला लागलं होतं, तेवढ्यात अक्षयला स्थळ आलं. कासुर्डीचं. पोरगा रांजणगावला कंपनीत, पोरगी शिकलेली, दोघांनी एकमेकांना बघितलेलं, पसंती झालेली. आता हल्ली आमच्याकडं पोरांना मुली मिळणं किती अवघड झालंय, ते तुम्हाला मी सांगायला नको. राहिलं होतं ते फक्त मुलीकडच्यांनी घर बघायला यायचं. दोन महिने त्यांचा निरोपच येईना. अक्षय फोनकडं बघून बघून रोड झाला. म्हणजे, मी वाढवलेला तेवढा उतरला. आणि एकदाचा निरोप आला, रविवारी येतोय.

आदल्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून दार लावलं.

"ऑपरेशनचं अवाक्षर काढायचं नाही. म्हणतील, घरात रोग हाय."

"अगं, रोग नव्हं, रोगावरचा इलाज."

"ते लग्न झाल्यावर समजावून सांगा. उद्या तुम्ही पंगतीला बसायचंच नाही. वाढायला उभं राहायचं. वाढणाऱ्यानं काय खाल्लं ते कोण बघतंय?"

बेत चोख होता. चेअरमनचा बेत नव्हता, बायकोचा होता, म्हणून चोख होता.

रविवारी दोन गाड्या भरून पाहुणे आले. मुलीचे वडील मारुतीराव, शांत माणूस, कमी बोलणारा. मुलीचा मामा अगदी उलटा. एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर. विनातिकीट माणूस पाठमोरा ओळखणारी नजर. शिवाय चुलते, चुलत्या, मावश्या, आत्या. आमच्याकडून भावकीतले चार-दोन.

घर बघितलं, गोठा बघितला, पानं वाढली. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, भजी, कुरडया, भात. मी धोतराचा सोगा खोचला, तुपाचं भांडं घेतलं आणि निघालो वाढायला.

"चेअरमनसाहेब, बसा," मारुतीराव म्हणाले.

"नाही, तुम्ही घ्या सावकाश. मी मागनं बसतो."

"यजमान बसल्याबिगर आम्ही घास मोडणार न्हाई. रीत हाय आमची."

आता? सगळी पंगत हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघायला लागली. बसलो. मुद्दाम अक्षयच्या शेजारी बसलो, सवयीप्रमाणे. आईला तर सणच मिळाला. तिनं माझ्या पानात दोन पोळ्या टाकल्या, वर गुळवणीची वाटी भरून ठेवली आणि बायकोकडं अशी बघून हसली, जशी काही निवडणूकच जिंकली.

आणि माझं काय झालं होतं माहीत आहे का? पंगतीला बसायचं नाही म्हणून मी सकाळीच पनीर खाऊन घेतलं होतं. पिशवी फुल्ल!

मी पोळीचा तुकडा मोडला. तो आमटीत बुडवला. परत काढला. कुरडई मोडली. भज्याची जागा बदलली. घासाचं नाटक करून चावत राहिलो, चावत राहिलो. मधेच अर्धी पोळी अक्षयच्या ताटात सरकवली. अक्षयनं न बघता गिळली. बिचाऱ्याला सराव होता.

पण मामा!

"पाव्हणं," मामा म्हणाले, "तुम्ही पानीबी घेत न्हाई का जेवताना?"

"घेतो की. नंतर घेतो."

"न्हाई, पोळीबी पोराला दिली, म्हनून इचारलं."

मारुतीरावांचा हात थांबला. त्यांचा थांबला म्हणून शेजारच्या चुलत्याचा थांबला. बघता बघता सगळ्या पंगतीचे हात थांबले. यजमान स्वतःच्या घरचं खात नाही, याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?

मामांनी डोकं चालवलं आणि घरातल्या सगळ्यात सरळ माणसाला गाठलं.

"आजी, चेअरमन जेवत का न्हाईत ओ?"

आईला ऑपरेशनचं बोलायचं नाही एवढं माहीत होतं. ती ऑपरेशनचं बोललीच नाही. हळहळून म्हणाली, "काय सांगू बाबा, आता घरचं अन्न सोसतच न्हाई त्याला. जरा जास्ती खाल्लं की भडाभडा वकतो."

बायकोच्या हातातला डाव आमटीत बुडाला. मावश्यांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं तोंडातला घास तसाच धरून ठेवला, ना आत ना बाहेर.

आता मी शहाणा असतो तर काय केलं असतं? दोन वाक्यांत खरं सांगून मोकळा झालो असतो. पण चेअरमन माणूस! आरोप झाला की आधी फेटाळायचा, ही सवय.

"छ्या! आईला काहीतरीच वाटतं!" असं म्हणून मी अख्खी पोळी गुळवणीत बुडवली, गुंडाळी केली आणि खाल्ली. वरून गुळवणीची वाटी तोंडाला लावून रिकामी केली. खाली ठेवताना मुद्दाम आवाज केला.

"हां! ह्येला म्हंतेत जेवन!" मामा खूश. मारुतीरावांचा हात परत चालू झाला. मावशीनं घास गिळला. भजी दुसऱ्यांदा फिरली. बायको तेवढी माझ्याकडं बघत होती. एखाद्यानं विहिरीत उडी मारल्यावर वर येतोय का बघतात ना, तशी.

जेवणं झाली. बाहेरच्या खोलीत सुपारी फिरली. मारुतीराव घसा साफ करून म्हणाले, "घर पसंत हाय आम्हाला. मग आता पुढचं..."

आणि माझ्या कपाळावर घामाचे थेंब आले.

पुढच्या बोलण्यातलं मला काही आठवत नाही. छाती अशी धडधडत होती, जणू आत मळणीयंत्र लावलंय. पाय लटलट, पोटात पीळ, कानात भुंगे. डॉक्टरांनी बजावलं होतं ना गोडाचं? तेच. मी उठायला गेलो आणि सतरंजीवर आडवा झालो.

"अहो!" बायको धावली.

मामा ताडकन उठले. "मी म्हनत हुतो का न्हाई? जेवनात कायतरी पडलंय! इशबाधा!"

तो शब्द खोलीत पडायचा अवकाश, एक मावशी पोट धरून म्हणाली, "मलाबी कसंतरीच हुतंय." लगेच चुलतीला मळमळलं. आत्याला चक्कर. आमच्या भावकीतला एक पैलवान गडी, चार पोळ्या खाऊन भिंतीला टेकला होता, त्याच्या हातापायाला मुंग्या आल्या. शेवटी मामा स्वतः पांढरे पडले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

सगळी वरात शिक्रापूरच्या एका दवाखान्यात. दवाखाना छोटा, डॉक्टर तरुण. एकदम एवढी माणसं पोट धरून आत शिरलेली बघून तो खुर्चीवरून उठलाच. खाटा संपल्या, मग बाकड्यांवर, मग जमिनीवर. ज्याला त्याला विचारलं, काय खाल्लं? ज्यानं त्यानं कण्हत सांगितलं, पुरणपोळी आणि गुळवणी.

कोपऱ्यात माझी बायको उभी होती. पदर तोंडाला लावून. "पुरण मी सोता वाटलंय हो. डाळ निवडून घेतली होती. तूपबी घरचं..." कुणी ऐकत नव्हतं. कासुर्डीच्या बायका तिच्याकडं बघत होत्या, ते बघणं काही चांगलं नव्हतं. तीस वर्षांत तिच्या हातच्या जेवणाला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही.

मामा बाकड्यावरूनच म्हणाले, "दाजी, उठा. ही सोयरीक नको आपल्याला. आज जेवनात गेलं, उद्या पोरीचं काय?"

मारुतीरावांनी चपला शोधायला सुरुवात केली.

अक्षय माझ्या खाटेजवळ आला. रागावला नव्हता. हळूच म्हणाला, "पप्पा, सांगून टाका ना आता."

मी उठून बसलो. तोंड उघडलं. पण आधी दुसरंच बाहेर आलं. नर्सनं भांडं पुढं केलं तोवर उशीर झाला होता. अर्धं भांड्यात, अर्धं मामांच्या चपलेशेजारी. आणि त्याच दमात, मधेमधे थांबून, मी ओरडलो, "पोळीत काही नाही! जे आहे ते माझ्यात आहे! पोट कापलंय माझं! वजनासाठी! पिशवी एवढीशीच ठेवलीय! गोड सोसत नाही! हिच्या पुरणाला कुणी नाव ठेवू नका!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "बायपास झालंय तुमचं? वजनाचं? मग गुळवणी कशाला प्यायलात?"

"पाहुण्यांचा मान," मी म्हणालो.

"किती?"

"वाटीभर मान."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. मग बाकीच्यांच्या नाड्या बघितल्या, पोटं दाबली आणि जाहीर केलं, सगळे ठणठणीत. आणि काय सांगू, काय तो गुण! पैलवानाच्या मुंग्या गेल्या. आत्याची चक्कर गेली. मावशी उठून बसली, म्हणाली, "मला तर आता उलट भूक लागल्यागत वाटतंय."

मामांचा विश्वास बसेना. "दाखवा," म्हणाले. सगळ्यांच्या देखत सदरा वर करून मी पोटावरच्या टाक्यांच्या बारीक खुणा दाखवल्या. चुलती, मावशी, आत्या, सगळ्या रांगेनं बघून गेल्या. मामांनी तर चष्मा लावून तिकीट तपासावं तसं तपासलं.

बायको कधी हसायला लागली ते कळलंच नाही. पदरातच हसत होती, रडत पण होती.

मारुतीरावांनी मात्र चपला परत काढल्या. माझ्या खाटेशी येऊन बसले. म्हणाले, "चेअरमन, एक इचारू का? रागावू नका. आम्ही दोन महिने निरोप दिला न्हाई, त्याचं कारन माहीत हाय का?"

"नाही बुवा."

"तळेगावात तुमची चवकशी केली. बाजारात इचारलं, चहाच्या टपरीवर इचारलं. ज्यानं त्यानं एकच सांगितलं, मानूस देव हाय, पर लय खातो."

"खातो?"

"मी म्हनलं, दूध सोसायटीचा चेअरमन. खात असंल! अशा घरात पोरगी कशी द्यायची? व्याही आपल्यालाबी खाईल. म्हनून गप बसलो. पोरीनं लईच धरलं, म्हनून आलो."

मी उताणा पडून छताकडं बघत राहिलो. लोक माझ्या जेवणाबद्दल बोलत होते हो! निव्वळ भाकरी-कालवणाबद्दल!

मामा मागून म्हणाले, "दाजी, आता काय काळजी? ज्याला घरची एक पोळी पचत न्हाई, त्यो दुसऱ्याचं काय खानार!"

सुपारी तिथंच फुटली, सलाईनच्या दांडीखाली. सून आता घरात आहे, गुणी आहे, आईच्या पक्षात गेलीय. पण लेकाचं लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं की मला खरं तेच सांगावं लागतं. बाप खात होता म्हणून अडलं, खाईना म्हणून मोडायला आलं, आणि जमलं ते बाप ओकल्यावर.