ठासणीमामांचा रिकामा बार

ठासणीमामा बंदुकीला भीत. पिकांच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आमच्या शिवारात त्यांच्या एकट्याकडे होती, आणि तिला भिणारेही तेच. बार भरायला बसले की ऐन थंडीत त्यांच्या कपाळावर घाम यायचा. आम्ही हसायचो. "हसा," ते म्हणायचे, "ज्या दिवशी भेव वाटणार न्हाई, त्या दिवशी हिला लोहाराला देऊन टाकीन."

बंदूक जुनी, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी घालून गजानं ठासायची, मग छर्रे किंवा शिशाची गोळी. दारू किती आणि तिच्यावर काय, हे ठरवायला मामा फार वेळ घेत. वानरं असली तर नुसती दारू आणि चिंधी, म्हणजे आवाजाचा रिकामा बार. पाखरांच्या थव्याला बारीक छर्रे. गोळी फक्त डुकरासाठी, तीही ते अंगावर आलं तर. दारूचं मापही कमीच. कुणी म्हणालं, "मामा, टाका की अजून चिमूटभर," तर म्हणत, "बंदुकीला भूक नसती बाबा. भूक आपल्याला असती."

आणखी एक सवय होती. दारू ठेवायचं शिंग उघडण्याआधी ते शेतमालकाला विचारत, "घरात सांगून आलास का?" तेव्हा गावात संडास नव्हते. दिवेलागणीला बायका शेतांकडे जायच्या. बंदूक आज कोणत्या बांधावर बसणार, हे घराघरात सांगावं लागे. उत्तर आल्याशिवाय मामांचा हात शिंगाला लागत नसे.

त्या वर्षी आमची ज्वारी हुरड्यात आली होती आणि डुकरं रोज वाफेच्या वाफे लोळवत होती. मी मामांना बोलावलं. विहिरीकडच्या बांधावर बसायचं ठरलं होतं आणि तसं मी सकाळी घरी सांगितलं होतं. पण दुपारी नाल्याकडे ताजे खूर दिसले, म्हणून मी जागा बदलली. मामांनी विचारलं, "घरात सांगितलं का, बापू?"

परत गावात कोण जाणार? मी म्हणालो, "हो."

एवढ्यावर थांबलो नाही. "आज गोळीच भरा मामा. आवाजानं पळतात अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. का हात थरथरतात?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि बार भरला. गजाचे ठोके मला ऐकू आले.

अंधारून आलं. समोरची धाटं हलली.

"डुक्कर," मी पुटपुटलो. "मारा."

"थांब जरा."

"मारा मामा, जल्दी! गेलं ते!"

बार झाला. धुरानं डोळे भरले, आणि त्या धुरातून बाईची किंकाळी आली. आवाज माझ्या वहिनीचा होता.

ज्वारीत आता काहीच हलत नव्हतं. भावाला काय सांगू, तिच्या लेकरांना काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेजारी मामा गुडघ्यांवर बसून कमरेची पिशवी चाचपत होते. "टाकली का मी? टाकली का?" ते स्वतःलाच विचारत होते. आयुष्यभर बार भरलेल्या माणसाला त्या घटकेला स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नव्हता. मग मूठ बाहेर आली. तळव्यावर शिशाची गोळी होती, सोबत आणलेली एकुलती एक.

"हाये," मामा म्हणाले. "बापू, हाये. रिकामाच बार होता."

वहिनी धाटांतून बाहेर आली. हातात टमरेल होतं. आम्हाला पाहिलं, पदर ओढला आणि घराकडे गेली.

"तिचं नाव कुठं काढू नको," मामा म्हणाले. "बाईमाणसाची फजिती व्हईल."

सकाळी पारावर लोकांनी विचारलं, बार कसला झाला? मी म्हणालो, "डुक्कर समोर आलं अन् मामांनी भिऊन रिकामाच बार काढला." सगळे खदखदून हसले. मामा तिथंच बसले होते. माझ्याकडे बघत राहिले, मग उठून घरी गेले.

त्या दिवसापासून गाव त्यांना 'रिकामा बार' म्हणू लागलं. भित्र्या राखणदाराला कोण बोलावणार? पुढच्या सुगीला त्यांना एकही बोलावणं आलं नाही. त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि ते मुलाकडे अंकुशनगरला गेले. तिथंच वारले.

वहिनीच्या अब्रूसाठी मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. गेल्या साली वहिनीही गेली. तेव्हा ती सबब संपली. यंदा अंकुशनगरला जाऊन मामांच्या मुलाला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे चहा पुढं केला.

"ठाऊक हाये काका. मोठ्या काकू, तुमच्या वहिनी, माहेरी इथं जवळच अंबडला आल्या की आमच्याकडं यायच्या. पहिल्याच खेपेला त्यांनी सांगितलं. म्हणायच्या, माझी कसली फजिती, मी जिती हाये ना!"

"मग तुम्ही गावात का नाही बोललात?"

"आम्ही निघाल्तो बोलायला. बाबांनी बिलकुल जाऊ दिलं न्हाई. म्हणायचे, थांबा, बापू सांगल."