मुठीतली तांबडी माती

"खालच्याला विचारल्याशिवाय वर वजन टाकू नये."

ओळंबा हे उठताबसता म्हणायचा. स्टुलावर बादली ठेवताना म्हणायचा, कपाटावर बॅग चढवताना म्हणायचा, कुणी थकल्या आजोबांच्या मांडीवर गुटगुटीत नातू बसवला तरी म्हणायचा. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते. त्याची थोरली बहीण तर तो तोंड उघडायच्या आतच म्हणून टाकायची, "हो रे बाबा, विचारलं खालच्याला, हो म्हणाला तो."

त्याचा धंदाच तसा होता. मोटारी उचलायच्या लिफ्ट तो बसवायचा. दोन उंच लोखंडी खांब, प्रत्येकाला दोन हात, आणि त्या चार हातांवर गाडी अधांतरी. गाडी वर, माणूस खाली. माणसाचा भरवसा खांबांवर, खांबांचा बोल्टांवर आणि बोल्टांचा जमिनीवर. एकतीस वर्षांत किती लिफ्ट बसवल्या हे त्याला सांगता यायचं नाही, पण कुठली जमीन कशी निघाली हे तो सोयऱ्याधायऱ्यांचे स्वभाव सांगावेत तसं सांगायचा. "ती तोंडावर गोड होती हो. वरून चकचकीत, आत भुसा."

अंगाने काटकुळा, मान कायम खाली, आणि खिशात दोरी गुंडाळलेला पितळी ओळंबा. खांब उभा केला की तो दोरी सोडायचा, आणि खालचं पितळ हलायचं थांबेपर्यंत स्वतःही हलायचा नाही. दोघांतला ओळंबा कुठला ते बघणाऱ्याला कळायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदावर उरलं. बहीण तेवढी त्याला भाऊ म्हणायची, आणि तो तिला ताई.

त्याची एक रीत होती. खांब उभे करण्याआधी खडूने फुली मारून तो जमिनीत एक भोक पाडायचा. ड्रिल खाली जाताना जी धूळ वर येते, ती तळहातावर घ्यायचा आणि जागेच्या मालकाला बोलावून उघड्या हातावर दाखवायचा. धूळ शेवटपर्यंत राखाडी राहिली तर खाली काँक्रीट भरपूर. मध्येच माती आली तर काम बंद. मग मालक आकाशपाताळ एक करो. एका मोठ्या शोरूमच्या साहेबाने त्याला चार माणसांसमोर वाटेल ते सुनावलं होतं. ओळंब्याने हातातली माती त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, जमीन नाही म्हणाली. मी मध्ये बोलणारा कोण?" आणि चालता झाला.

ही रीत ताईला ठाऊक होती. त्या सकाळी तिचा सगळा जीव त्या एका भोकाला टांगला होता.

ताईचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर घराला लागून असलेल्या गॅरेजात तो ओळखीपाळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा. पण चाकांच्या फळीवर उताणं पडून जन्मभर गाड्यांच्या पोटात हात घालता घालता पाठ कामातून गेली. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर आडवं होणं बंद. तीन महिने तो माणूस खिडकीत बसून होता. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून तिचा आजार सांगायचा, आणि ऐकायला खिडकीच्या गजांशिवाय कुणी नसायचं. मग एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून जुनी लिफ्ट मिळाली आणि त्याच्या तोंडावर रंग आला. आता उभ्याने काम करता येणार होतं. शेजारच्या मास्तरांना त्याने सांगूनही टाकलं होतं, "रविवारी गाडी आणा. पहिला मान तुमचा."

आणि गॅरेजची जमीन? ती कशी आहे हे जगात एकट्या ताईला ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी ती घातली तेव्हा नवरा ड्युटीवर होता. गवंडी दुपारी येऊन म्हणाला, माल कमी पडतोय, आणखी मागवावा लागेल, उद्यावर जाईल. घरात दोन्ही पोरं तापाने फणफणलेली. ताईच्या डोळ्याला तीन दिवस डोळा नव्हता. ती म्हणाली, "दाराच्या कडेला जाड घाला, मध्ये होईल तेवढं होऊ द्या. गाडीच तर उभी राहायची आहे." संध्याकाळी नवऱ्याने दाराच्या कडेला पट्टी लावली. सहा इंच भरलं. त्याने गवंड्याला शाबासकी दिली. ताईने भात परतावा तशी ती गोष्ट मनात एकदा परतली, आणि मग विसरली.

लिफ्ट यायची ठरली तशी ती गोष्ट वर आली. सांगायला ती रोज तोंड उघडायची आणि नवऱ्याचा उजळलेला चेहरा बघून मिटायची. शेवटी तिने मनाची समजूत घातली, आपण कशाला वाईट व्हा? भाऊ येईल, भोक पाडेल. जे सांगायचं ते माती सांगेल.

भाऊ आला तो दहा वाजून गेल्यावर. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत यायला त्याने दोनदा पिशवी खाली ठेवली. खिडकीतून ताईने ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. भाऊ थकलेला असणं हे घराला दार असण्याइतकं जुनं होतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, ती तेरा. पंधराव्या वर्षी तो विहिरींवर खडक फोडायला गेला, म्हणून धाकट्या दोघांच्या शाळा झाल्या. बायको आठ वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिला तो रोज सकाळी दोन्ही हातांवर उचलून खुर्चीत ठेवायचा आणि मग कामावर निघायचा. गेल्या वर्षी ती गेली. भेटायला आलेले म्हणाले, "सुटली बिचारी." त्याच्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

"या ओळंबाराव!" नवऱ्याने गॅरेजातूनच हाक मारली. "किती वेळ? जमीन मघापासून विचारतेय, मेहुणे कुठे राहिले?"

"दाजी, जमीन तुमच्याहून कमी बोलते म्हणून तिचं टिकलंय," भाऊ म्हणाला आणि पिशवी ठेवून भिंतीला टेकला.

खांब आदल्या दिवशीच टेम्पोतून येऊन भिंतीकडे आडवे पडले होते. नवरा त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. "सहा इंच आहे बरं का. माझ्या हाताने मोजलंय. ही कड बघा."

कडेला मोजलंय, हे ताईच्या ओठांवर आलं आणि ती चहा करायला आत गेली.

स्वयंपाकघराचं एक दार गॅरेजात उघडायचं. कप घेऊन ती दारात आली तेव्हा भाऊ खडूच्या दोन फुल्यांपैकी एकीवर वाकला होता. ड्रिल सुरू झालं. थोडं चाललं, थांबलं. त्याने हात झटकला. पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. नवरा पलीकडे खांबांना बांधलेल्या साखळीचे हुक सोडवण्यात गुंतला होता. भोकाच्या तोंडाशी राखाडी धूळ जमत होती. मग एकाएकी पायरी चुकावी तसं मशीन खाली धसलं, आणि धुळीच्या मधून तांबडी माती वर आली. तीन इंचही झाले नव्हते.

ताईने श्वास सोडला. सांगितलं मातीने. सुटले मी.

भाऊने मशीन बाजूला ठेवलं. नेहमीसारखी ती धूळ तळहातावर घेतली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची मूठ मिटली, आणि मुठीसकट हात खिशात गेला.

"राखाडी," तो मागे न वळता म्हणाला. "चला दाजी, खांब उभे करू."

नवऱ्याने टाळी वाजवली. "बघा! म्हटलं नव्हतं?"

ताईने हातातले कप खाली ठेवले. तिने माती पाहिलीय हे दोघांपैकी कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि नवरा खूश होता. ती आत गेली असती तर काही बिघडलं नसतं. निदान आज नसतं. पण तेवढ्यात नवरा दोन फुल्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, हात डोक्यावर ताणला आणि तळवा आडवा धरून म्हणाला, "गाडीचं पोट इथे येणार, नाही का? बरोब्बर डोक्यावर. आता राजासारखं उभं राहून काम!"

"भाऊ," ताई म्हणाली, "मूठ उघड."

"काय ग?"

"खिशातला हात काढ. मूठ उघड."

भाऊने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी चोरलेला गूळ हातात असताना पाहायचा, तसंच. "राहू दे ना ताई," तो हळूच म्हणाला. "झाकली मूठ..."

"सव्वा लाखाची. माहीत आहे मला. पण त्या सव्वा लाखाखाली माझा नवरा उभा राहणार आहे."

नवऱ्याचा हात अजून वरच होता. तो त्याने सावकाश खाली घेतला.

भाऊने मूठ बाहेर काढली आणि उघडली. घामाने मातीचा गोळा झाला होता.

"ही कुठली माती?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या गॅरेजची," ताई म्हणाली, आणि बारा वर्षांपूर्वीची ती दुपार तिने उभ्या उभ्या सांगून टाकली. पोरांचा ताप, गवंडी, दाराची कड, सगळं. सांगायला दोन मिनिटं लागली नाहीत.

नवरा आडव्या पडलेल्या खांबावर बसला. "म्हणजे बारा वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती कड दाखवत होतो."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

नवरा मेहुण्याकडे वळला. "ही बाईमाणूस घाबरली, समजलं. पण तुम्ही हो? शोरूमच्या साहेबाच्या टेबलावर माती ठेवणारे?"

भाऊने उपड्या बादलीवर बसकण मारली. "गोंदाने बसवायचे बोल्ट येतात दाजी. पातळ जमिनीतही धरतात. कधी कधी."

"कधी कधी," नवरा म्हणाला.

बाहेर कुणाची तरी गाडी खोकत गेली. एरवी नवऱ्याने तिचं दुखणं सांगितलं असतं.

शेवटी भाऊच बोलला, जमिनीकडे बघत. "दोन्ही फुल्यांपाशी चौकोन कापायचे. गुडघाभर खोदायचं, जाळी टाकून नवं काँक्रीट भरायचं. महिनाभर हात लावायचा नाही. मग कशालाही डर नाही. उद्यापासून लागतो मी."

"तुला जमेल का?" ताईने विचारलं.

"जमवायचं. मीच आहे ना."

"जमवशील ते माहीत आहे. जमेल का, ते विचारतेय."

भाऊने मान वर केली. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी असावा अशा नजरेने त्याने आधी दाजींकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"नाही ताई," तो म्हणाला.

म्हटल्यावर त्याचे खांदे आणखी खाली आले. "हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालायला अर्धा तास लागतो. ड्रिल धरलं की कळ पार कानात जाते. माती दिसली, आणि पहिलं मनात काय आलं सांगू? हे खोदायचं मलाच. तेवढं मनात आलं आणि मूठ आपोआप मिटली. दाजी डोळ्यांसमोर आलेच नाहीत." तो थांबला. "एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं."

नवरा बराच वेळ लोखंडावर बोटं वाजवत बसला. त्याचा राग गेला होता असं नाही. पण सगळा एकाच जागी काढावा इतका तो ताजाही राहिला नव्हता. "महिना तर महिना," तो म्हणाला. "डेपोतला माणूस आहे मी. बस वेळेवर येते यावर माझा विश्वास कधीच नव्हता. मास्तरांना सांगतो, मान जरा पुढे ढकललाय." मग ताईकडे न बघता म्हणाला, "खोदायला गवंडी आणू. आणि या वेळी माल संपला तर मला बोलवा, ड्युटीवर असलो तरी."

"कुठल्या ड्युटीवर?" ताईच्या तोंडून गेलं.

"खिडकीच्या."

भाऊ हसला नाही, पण त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो उठला, फुलीपाशी वाकला, हातातली माती परत त्या भोकात सोडली आणि अंगठ्याने दाबली. "ड्रिल, पिशवी, सगळं ठेवून जातो," तो म्हणाला. "ज्याला खोदायचं त्याला लागेल. महिन्याने येतो. भोक दुसऱ्याला पाडू दे. धूळ मी बघेन."

"उघड्या हातावर," ताई म्हणाली.

"उघड्या हातावर."

चहा निवून गेला होता. त्याने तो तसाच उभ्याने पिऊन टाकला आणि निघाला.

ताई गॅरेजच्या दारात, त्या जाड कडेवर, उभी राहिली. नवराही पाठीला हात लावून तिच्या शेजारी आला. भाऊ रस्त्याच्या कडेने चालला होता, पिशवी नाही, मशीन नाही, तरी वजन असल्यासारखा. थोडं पुढे जाऊन तो थांबला. उजव्या हाताने खिशातून पितळी ओळंबा काढून त्याने डाव्यात घेतला, आणि कळ लागून उजवा हात परत खिशात जाईना म्हणून त्याच डाव्या हाताने मनगट धरून आत सारला. ओळंबा डाव्या हातातच राहिला.

"सरळ चाललाय की," नवरा म्हणाला.

"नाही हो," ताई म्हणाली. "उजवीकडे कललाय. केव्हाचा."

तो वळणापर्यंत गेला. वळणावर स्वतःचाच कल बघायला त्याने दोरी सोडली असावी, कारण पितळ एकदा उन्हात चमकलं. मग तो पलीकडे गेला. नवरा आत जाऊन साखळीचे हुक परत अडकवू लागला. ताई तिथेच उभी होती.